पोरगी माइक घेऊन हमालांच्या मागे फिरते

ताई, मार्केट यार्डात गुळाचा गाळा आहे, वडिलांपासूनचा. मुलगी बारावी सायन्स झाली, ७१ टक्के. इंजिनिअरिंगला कुठेतरी खासगी कॉलेजात मिळेल, पण तिला जायचं नाही. ‘मास कॉम’, म्हणजे पत्रकारिता-माध्यमांचं शिक्षण, करायचं म्हणते. एका ठिकाणी चौकशी केली तर फी वर्षाला लाखांत सांगितली. आमचे एक नातेवाईक वर्तमानपत्रात आहेत. ते म्हणाले, पोरीला या लाइनीत घालू नका, पगार नाही आणि वेळेचा पत्ता नाही. तिची आई म्हणते, शिकू दे. मला टीव्हीवर ओरडणारी माणसं बघून धडकी भरते. हे शिकून माणूस नक्की होतो तरी काय? परवा तर कहर केला. मोबाइलला बारीकसा माइक लावून पहाटे गाळ्यावर आली आणि आमच्या जुन्या हमालाला प्रश्न विचारत बसली. पाऊण तास माल उतरायचा थांबला. तो मात्र भडाभडा बोलला. २२ वर्षं माझ्याकडे आहे, त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मार्गदर्शन करा.

– एक बाप, बिबवेवाडी, पुणे

दादा, नमस्कार.

टक्के, फी, नातेवाइकांचं मत, सगळ्यावर बोलू. पण शेवटच्या चार ओळी तुम्ही तक्रार म्हणून लिहिल्यात, आणि मला पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटला.

मी १४ वर्षं वर्तमानपत्रात काढली, अर्धी बातमीदारीत आणि अर्धी डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानं लावण्यात. पुढे एका सामाजिक संस्थेचं जनसंपर्काचं काम पाहिलं, आणि आता या विषयाच्या मुलांना शिकवायला जाते. पहिल्या आठवड्यात मी वर्गाला एकच काम देते: अनोळखी माणसाशी दहा मिनिटं बोलून या. रिक्षावाला, फुलवाली, बँकेबाहेरचा वॉचमन, कोणीही चालेल. निम्मी मुलं परत येऊन सांगतात, “मॅडम, ते बोललेच नाहीत.” कॅमेरा त्यांना उत्तम येतो, एडिटिंग तर माझ्यापेक्षा चांगलं येतं. माणसाला बोलतं करणं मात्र जमत नाही, आणि ते शिकवायला मला दोन वर्षंही अपुरी पडतात. तुमची लेक ऐन माल उतरायच्या वेळी यार्डात गेली, जिथे कोणाला कोणासाठी थांबायची सवड नसते. जो माणूस मालकाशी २२ वर्षं कामापुरतं बोलला, तो तिच्यापाशी मोकळा झाला. तुमचा खोळंबा झाला हे खरं. पण या शिक्षणासाठी मुळात जी कुवत लागते ती तिच्यात आहे, हे तुमच्याच पत्रातून मला कळलं.

आता तुमचा प्रश्न. टीव्हीवरची माणसं डोळ्यांत भरतात म्हणून सगळा धंदा तसाच वाटतो. यार्डातही लांबून लिलावाचाच आवाज ऐकू येतो. हिशोबाची पट्टी लिहिणारा, तोलणारा, हमाल हे आवाज न करता राबत असतात, तेव्हा बाजार हलतो. माध्यमांतही न दिसणारी माणसंच जास्त आहेत. त्यांचं काम काय असतं ते एका उदाहरणातून सांगते.

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात तेव्हा पाटबंधारे खात्याचं पत्रक निघतं: विसर्ग वाढवून अमुक हजार क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी दक्षता घ्यावी. जुलै २०२४ मध्ये विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होताहेत असं समजा. असं सांगितलं की आकडा निदान डोळ्यांसमोर येतो. पण तळमजल्यावरच्या आजींना टँकर मोजायचे नसतात. त्यांना विचारायचं असतं, स्कूटर आत्ता काढू का, सिलिंडर वर नेऊ का, पाणी माझ्या पायरीला किती वाजता लागेल? पत्रकातला आकडा एकीकडे, आजींचा प्रश्न दुसरीकडे. या दोन्हींना जोडणारं माणूस लागतं. त्याला क्युसेक कळावा लागतो, अभियंत्याला फोन करून नेमका प्रश्न विचारता यावा लागतो, मागच्या वेळी किती विसर्गाला पाणी कुठवर आलं होतं हे शोधून काढता यावं लागतं, आणि हे सगळं आजींना समजेल अशा चार वाक्यांत, अंधार पडायच्या आत सांगता यावं लागतं. ते माणूस वर्तमानपत्रात असेल, महापालिकेत असेल, नाहीतर हवामान खात्यात. संज्ञापन हा जड शब्द अभ्यासक्रमाच्या नावात असतो, त्याचा अर्थ मला विचाराल तर एवढाच.

पुण्यात अशी माणसं बऱ्याच ठिकाणी लागतात. वर्तमानपत्रं, वाहिन्या, आकाशवाणी तुम्हाला माहीतच आहेत. त्यापलीकडचं सांगते, कारण घरच्यांना ते सहसा ठाऊक नसतं. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना टेक्निकल रायटर लागतात. कंपनीने बनवलेली वस्तू कशी वापरायची हे गिऱ्हाइकाला पायरीपायरीने लिहून देणं हे त्यांचं काम. त्याला इंग्रजी पक्कं हवं, पण सुरुवातीचा पगार वर्तमानपत्रापेक्षा बरा असतो. जाहिरात आणि जनसंपर्काच्या संस्थांना मराठीत नीट लिहिणारी मुलं मिळत नाहीत ही तक्रार मी कायम ऐकते. दुसऱ्या भाषेतून ओढून आणलेल्या जाहिराती आपण रोज वाचतोच, त्यावरून कळेल. मालिका-चित्रपटांची मराठी सबटायटल्स, डबिंगचे संवाद, ऑडिओबुक्स हे कामही आता बरंच निघतं. सरकारात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. ‘लोकराज्य’ मासिक तेच काढतं, आणि जिल्हा माहिती अधिकारी याच खात्याचे. त्या पदांसाठी एमपीएससी आहे आणि तिथे पत्रकारितेच्या शिक्षणाला किंमत आहे.

तुमच्या मुलीच्या बारावी सायन्सचा मला वेगळाच आनंद झाला. आयुका, आयसर, एनसीएल, पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, एवढ्या विज्ञान-संशोधनाच्या संस्था एका जिल्ह्यात असलेलं शहर सहज सापडणार नाही. तिथे काय चालतं हे साध्या मराठीत सांगणारे किती आहेत? जयंत नारळीकरांसारखा शास्त्रज्ञ स्वतः मराठीत लिहीत राहिला म्हणून आमच्या पिढीला आकाशाची गोडी लागली. विज्ञान घेऊन आलेली आणि हमालाशी मोकळं बोलू शकणारी मुलगी या कामाला मिळाली तर मला हवीच आहे.

पैशांचं आता स्पष्ट बोलते, कारण तुमचे नातेवाईक खोटं सांगत नाहीयेत. मराठी वर्तमानपत्रात आणि वाहिन्यांत पहिली तीन-चार वर्षं पगार तुटपुंजा असतो. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांची महिनाअखेर कशी जाते ते मी जवळून बघते. तुमची मुलगी घरी राहून काम करेल, हा तिचा मोठा आधार. त्यात काही जागी नव्या मुलांना राबवून घेतात. माझ्या पहिल्या नोकरीत आठ महिने मला नेमणूकपत्र दिलं नव्हतं. “पुढच्या महिन्यात करू” हे वाक्य मी आठ वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी मान डोलावली, कारण काम आवडत होतं आणि ते त्यांना माहीत होतं. तिने तसं करू नये. इंटर्नशिप असली तरी किती महिने, किती मानधन, नाव कुठे छापणार हे कागदावर घ्यायचं. यात तुम्ही तिच्या उपयोगी पडाल. व्यवहाराचं बोलणं तुम्हाला जितकं येतं तितकं मला आजही येत नाही.

आणि याच कारणासाठी माझा एक आग्रह आहे: डोक्यावर मोठं कर्ज घेऊन हे शिक्षण घेऊ नका. पहिला पगार आणि हप्ता यांचा मेळ बसत नाही, मग मुलं मनाविरुद्ध भलतंच काम धरतात आणि जे करायला आली होती ते राहून जातं.

कुठे शिकावं? फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, १९६४ पासूनचा. तिथे पदवीनंतर प्रवेश मिळतो, प्रवेश परीक्षा असते आणि फी खासगी संस्थांच्या मानाने पुष्कळच कमी. गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात माध्यमांचा दुसरा विभाग आहे. सिंबायोसिसचं बारावीनंतरचं शिक्षण विमाननगरला, पदवीनंतरचं लवळ्याला. तुम्हाला सांगितलेली लाखांतली फी अशाच कुठल्या तरी खासगी ठिकाणची असणार. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही पत्रकारिता शिकवतात. लॉ कॉलेज रस्त्याची एफटीआयआय १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. ती सिनेमाची शाळा, तिथल्या बहुतेक मोठ्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. मुलीच्या बोलण्यात ते नाव आलं तर गल्लत करू नका.

मी स्वतः हिला बारावीनंतर लगेच माध्यमांची पदवी घ्यायला सांगणार नाही. आधी एखाद्या भक्कम विषयात पदवी घ्यावी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, राज्यशास्त्र, नाहीतर मराठी, आणि माध्यमांचं शिक्षण त्यानंतर दोन वर्षं. अनुदानित कॉलेजात पदवीची फी तुम्हाला जड जाणार नाही. सायन्सवरून कला शाखेत जाता येतं, त्यात कमीपणा काही नाही. मी हे का म्हणते ते सांगते. महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की तरुण बातमीदार आयुक्तांच्या भाषणातलं मोठं वाक्य उचलतात. मागच्या वर्षी ठरलेल्या रकमेतली खर्च किती झाली हा आकडा त्याच पुस्तकात असतो, पण तो कुठल्या पानावर शोधायचा हे ज्याने थोडं अर्थशास्त्र शिकलंय त्यालाच सुचतं. कॅमेरा सहा महिन्यांत शिकता येतो. विषय शिकायला पदवीची वर्षंच लागतात, आणि ती वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत दिली तरच दिली जातात, पुढे नोकरी सवड देत नाही. फक्त तिचा जीव ध्वनीत किंवा छायाचित्रणात असेल, म्हणजे त्या हमालाच्या बोलण्यापेक्षा त्याचा आवाज, मागचा पोत्यांचा धपका यातच ती रमली असेल, तर माझा सल्ला उलटा. मग बारावीनंतरच हाताने काम करायला मिळेल अशा ठिकाणी जाऊ दे. हे तिला विचारा. तुम्हाला लगेच कळेल.

कॉलेज कुठलंही असो, माहितीपत्रकावर जाऊ नका. गुळाची ढेप घेताना तुम्ही वरचा कागद बघत नाही. कोपरा फोडता, रंग बघता, कण बघता, जिभेवर ठेवता. तसंच करा. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी यंदा काय केलं ते दाखवा म्हणा. त्यांनी काढलेला अंक, केलेला माहितीपट, रेडिओचा कार्यक्रम. दाखवायला काही नसेल तर उठून या. स्टुडिओ दाखवतील, झगमगीत असतो. तो मुलांना आठवड्यात किती तास वापरायला मिळतो ते गेटवरच्या चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या मुलांना विचारा. शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः कधी बातमीदारी केलीय का, हेही विचारा. विद्यापीठाचा स्वतःचा रेडिओ आहे, विद्यावाणी, १०७.४ एफएमवर. मोठ्या केंद्रावर जे करायला पाच वर्षं लागतील ते अशा छोट्या केंद्रावर विद्यार्थी असताना करता येतं.

आता तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या मनात असणारच ते. मुलीची जात, रात्रीचं काम. डेस्कवर पानं सोडायला मध्यरात्र होते, हे खरं आहे. मी सात वर्षं रात्री उशिरा घरी आले, आणि पहिलं वर्षभर माझे वडील गॅलरीत उभे असायचे. ते कधी काही बोलले नाहीत, मी गाडी लावली की आत जायचे. माध्यमातलं सगळंच काम रात्रीचं नसतं, बरंचसं दिवसाचंच आहे. पण तिने रात्रीचं काम निवडलं, तर ऑफिसची गाडी घरापर्यंत सोडते का हा प्रश्न मुलाखतीतच विचारायचा. चांगल्या जागी त्याचं नीट उत्तर मिळतं.

तिचं इंग्रजी कच्चं आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असलं तरी घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. लिहायला मराठी हेच तिचं भांडवल. मात्र न्यायालयाचे निकाल, संशोधन, कंपन्यांचे अहवाल इंग्रजीत असतात. ते स्वतः वाचता आले नाहीत तर दुसऱ्याने चावून दिलेलं खावं लागतं. रोज एक पान, शब्दकोश शेजारी ठेवून, एवढं पदवीभर केलं तरी पुरे. एआयमुळे नोकऱ्या जातील असं सगळे विचारतात. पत्रक पुन्हा लिहून काढण्याचं काम यंत्राकडे चाललंच आहे, त्या भरवशावर कोणी राहू नये. यार्डात पहाटे जाऊन समोरच्याचा विश्वास मिळवायचं काम अजून माणसालाच करावं लागतं.

शिकायचं आणखी काय असतं, म्हणून एक प्रसंग सांगते. डेस्कवर असताना एका शिकाऊ मुलाची बातमी आली, लहान मुलीवरच्या अत्याचाराची. मुलीचं नाव त्याने लिहिलं नव्हतं, तेवढी जाण होती. पण आरोपी तिचा सख्खा काका, राहणार अमुक इमारत, हे सगळं होतं. म्हणजे त्या गल्लीत मुलगी कोण हे पेपर वाचून दहा मिनिटांत कळलं असतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यात नाव, पत्ता, शाळा, नातेवाईक, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. बातमी मी कापून सहा ओळींची केली. तो मुलगा रात्री माझ्यापाशी येऊन बसला, बराच वेळ बोलला नाही. मोबाइल हातात असलेला प्रत्येक जण आज बातमी देऊ शकतो. काय द्यायचं नाही, हे शिकवायला मात्र शाळाच लागते, आणि फी द्यायचीच तर ती यासाठी द्यावी.

आणखी एक, तुमच्या धंद्याला धरून. डॉ. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३२ साली पुण्यात त्यांनी ‘सकाळ’ काढला. एवढं शिकलेल्या माणसाने गावातल्या, पेठेतल्या, तालुक्यातल्या साध्या बातमीला पेपरात मानाची जागा दिली. तुम्ही सकाळी बाजारभावाचं पान उघडता ना? तेही कोणीतरी रोज गोळा करतं, तपासतं, चुकलं तर बोलणी खातं. त्या माणसाला तुम्ही कदाचित ओळखतही असाल. मुलीची त्याच्याशी गाठ घालून द्या. नातेवाइकांच्या आणि माझ्या मतापेक्षा तिला त्याचा उपयोग जास्त होईल.

प्रवेशाला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्यात तिने तीन कामं करावीत. पाऊण तासाची ती मुलाखत सहा मिनिटांवर आणायची; काय ठेवलं आणि काय गाळलं, आणि का, हे वहीत लिहायचं. दुसरं, यार्डातला तिला खटकणारा एक प्रश्न निवडायचा, पिण्याचं पाणी म्हणा, कचरा म्हणा, आणि त्यावर माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवस. २००५ पासून हा हक्क तिच्यासकट सगळ्यांना आहे. उत्तर काय येतं, किंवा कसं टाळलं जातं, ते ती आयुष्यभर विसरणार नाही. तिसरं, उत्तरावरून ४०० शब्दांची बातमी लिहून ती तुम्हाला वाचायला द्यायची. तुम्हाला एखादं वाक्य दोनदा वाचावं लागलं तर तिथे पेन्सिलीने खूण करा. दुसरं काही सांगू नका. ही तीन कामं करताना तिला कंटाळा आला तर इंजिनिअरिंगची दारं अजून उघडी आहेत, काही बिघडलेलं नाही. तिने जेवण विसरून ती केली, तर फी कुठल्या कॉलेजात भरायची एवढाच प्रश्न तुमच्यापुढे उरेल.

त्या मुलाखतीची फाइल मला ऐकायची आहे, तिला पाठवायला सांगा. मात्र त्याआधी तिने ती त्या हमालदादांना ऐकवलीय का आणि बाहेर द्यायला त्यांची हरकत नाही ना, एवढं विचारून घ्या. आणि तुम्हीही एकदा शांतपणे पूर्ण ऐका, गाळा बंद झाल्यावर, त्यांच्या शेजारी बसून.